पर्वाचा दिवस आणि यात्रेचा दिवस

सदर : घर, दुकान, प्रवास

बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि गोदावरीच्या काठी नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ भरतो. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार या वेळच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून समाप्ती २४ जुलै २०२८ रोजी आहे. मधल्या काळात गुरू वक्री होऊन काही महिने कर्केत मागे जातो, पुढे कन्येत जाऊन पुन्हा सिंहेत परततो. म्हणून एरवी वर्षभराचे असणारे हे पर्व या खेपेस लांबले आहे. तीन प्रमुख स्नानांच्या, म्हणजे ज्यांना पूर्वी शाहीस्नान म्हणत आणि आता अमृतस्नान म्हणतात त्यांच्या तिथी अशा : पहिले स्नान २ ऑगस्ट २०२७, आषाढातील सोमवती अमावास्या; दुसरे ३१ ऑगस्ट २०२७, श्रावण अमावास्या; तिसरे नाशिकला ११ सप्टेंबर २०२७, भाद्रपद शुद्ध एकादशी, आणि त्र्यंबकेश्वरी दुसऱ्या दिवशी, द्वादशीस.

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावात अशा पर्वाची बोलणी देवळाच्या पारावर सुरू होतात आणि लवकरच दुकानाच्या ओट्यावर येतात. गाडी कोणाकडे आहे, रेल्वेचे आरक्षण कोणाला करता येते, नाशिकला ओळख कोणाची आहे, उचल कोण देईल, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे गावातला व्यापारीच देईल अशी अपेक्षा असते. दुकानातला जुना दिवाणजी, पोती वाहणारा हमाल, तीन पिढ्यांचे खाते असलेला शेतकरी आणि त्याची म्हातारी आई यांच्या सिंहस्थाची आखणी अनेकदा जैन घरातच होते. श्रद्धा ज्याची त्याची. परंतु प्रवासाची जबाबदारी ज्याने अंगावर घेतली त्याची असते. आपल्या परंपरेत यात्रासंघ नेणाऱ्याला संघपती म्हणतात. तेराव्या शतकातील गुजरातचा मंत्री वस्तुपाल याचे नाव आजही घेतले जाते ते त्याने बांधलेल्या मंदिरांइतकेच त्याने नेलेल्या संघांमुळे. संघपतीचा पहिला नियम साधा आहे : संघ चालतो तो त्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने. सिंहस्थाला शेजाऱ्यांना घेऊन जाणाऱ्याने दिवस ठरवतानाही हाच नियम लावला पाहिजे.

पैनगंगेचे गोदेशी नाते

देऊळघाट पैनगंगेच्या काठी वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत याच तालुक्यात ती उगम पावते. ही डोंगररांग पाण्याची वाटणी करते. तिच्या उत्तर उताराचे पाणी नळगंगा आणि पूर्णेच्या वाटेने तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. पैनगंगेचे पाणी मात्र पूर्वेची वाट धरते. मेहकरवरून, पुढे यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरून शेकडो किलोमीटर वाहत ती वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. देऊळघाटच्या शिवारात पडलेला पाऊस असा अखेर गोदावरीचेच पाणी होतो.

ही माहिती केवळ भूगोलाची नाही. यात्रेच्या आखणीत ती उपयोगी पडते. ज्या म्हाताऱ्या माणसाला तीनशे किलोमीटरचा प्रवास झेपणार नाही, त्याला आपण पर्वाला मुकलो ही खंत असते. त्याच्या गावची नदी गोदेच्याच परिवारातली आहे, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे लागते. तेलुगू प्रदेशात हीच भावना पुष्कर पर्वाच्या रूपाने रुजलेली आहे. गुरू ज्या राशीत प्रवेश करील त्या राशीच्या नदीचे बारा दिवसांचे पुष्कर भरते आणि त्या काळात नदीचा एखादाच घाट नव्हे, तर सारा प्रवाह पुण्यप्रद मानला जातो. पैनगंगेचे पाणी पुढे ज्या प्राणहितेत जाते तिचे पुष्कर एप्रिल २०२२ मध्ये सिरोंच्याला भरले होते. पाण्याचे नाते असे लांबवर जाते.

तीन तारखा आणि घरचे दिनमान

पंचांग आणि बाजार हे दोन्ही समोर ठेवून या तीन तारखांकडे पाहिले, की प्रत्येकीची अडचण लगेच ध्यानात येते.

पहिली तारीख २ ऑगस्टची. सोमवार आणि अमावास्या यांचा योग असल्याने तिला सोमवतीचे माहात्म्य आहे. त्याच दिवशी सूर्यग्रहणही आहे. ते भारताच्या पश्चिम भागात खंडग्रास दिसण्याचा योग आहे. सोमवती, ग्रहण आणि पहिले अमृतस्नान असे तिहेरी निमित्त एकत्र आल्यावर गर्दी कशी असेल, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. शेतीचे दिवसही अडचणीचे असतात. पेरणी उरकलेली असली तरी निंदण आणि डवरणी ऐन भरात असते.

दुसरी तारीख ३१ ऑगस्टची, श्रावण अमावास्येची. वऱ्हाडात ही अमावास्या म्हणजे पोळा. वर्षभर राबलेल्या बैलांची खांदेमळणी करून, त्यांना न्हाऊ घालून, झूल पांघरून मिरवण्याचा दिवस. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे असा देऊळघाटचा शेतकरी त्या दिवशी घर सोडून नाशिकला जाणार नाही, आणि गेलाच तर त्याचे चित्त गोठ्यात राहील. शिवाय याच दिवसांत श्वेतांबर परंपरेचे पर्युषण चालू असते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या संवत्सरीकडे जाणाऱ्या आठ दिवसांच्या मध्यावरच ही अमावास्या येते. घरात अठ्ठाई चालू असताना, प्रवचन आणि प्रतिक्रमण यांचा क्रम असताना कुटुंबातील जबाबदार माणूस बाहेरगावी जाऊ शकत नाही.

तिसरी तारीख ११ सप्टेंबरची. गणेश चतुर्थी त्या वर्षी ४ सप्टेंबरला आहे. म्हणजे हे स्नान गणेशोत्सवाच्या ऐन मध्यावर येते, आणि दिगंबर परंपरेच्या दशलक्षण पर्वातही येते, कारण ते भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत चालते. दुकानात सणाची गर्दी, मंदिरात पूजा-विधानाची गर्दी आणि शेतात मूग-उडदाच्या काढणीची धावपळ, असा तो आठवडा असतो.

तिन्ही दिवस पवित्र आहेत. परंतु देऊळघाटच्या घरासाठी त्यांपैकी एकही सोयीचा नाही. येथवरचा विचार सोयीचा झाला. यापुढचा विचार जिवाचा आहे.

गर्दीचा हिशेब

२७ ऑगस्ट २००३ रोजी, नाशिकच्या सिंहस्थात मुख्य स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. १४ जुलै २०१५ रोजी आंध्र प्रदेशात राजमहेंद्री येथे गोदावरी पुष्कराच्या पहिल्याच दिवशी घाटावर चेंगराचेंगरी होऊन पंचवीसहून अधिक भाविक गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या महाकुंभात मौनी अमावास्येच्या पहाटे संगमाजवळ असेच घडले. अधिकृत आकड्यानुसार ३० जण मृत्यू पावले. काही दिवसांनी, १५ फेब्रुवारी २०२५ रोजी, प्रयागराजला जाण्यासाठी नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर लोटलेल्या गर्दीत १८ जणांचे प्राण गेले.

या घटना एकाखाली एक लिहून पाहिल्या, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. नदीकाठच्या तिन्ही दुर्घटना पर्वातील अगदी निवडक दिवशी, ज्या दिवशी सर्वांना एकाच ठिकाणी एकाच वेळी पोहोचायचे होते त्या दिवशी घडल्या. त्याच पर्वाच्या इतर दिवशी तेच घाट, तेच पाणी आणि तेच रस्ते माणसांना सामावून घेत होते. २०१५ चा नाशिकचा सिंहस्थ मोठी चेंगराचेंगरी न होता पार पडला, हे बंदोबस्ताचे यश होते. परंतु बंदोबस्त म्हणजे काय, तर गाड्या शहराबाहेर थांबवणे, पुढे बसने आणि मग कित्येक किलोमीटर पायी नेणे, परतीची वाट वेगळी ठेवणे. सत्तरी ओलांडलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला सुरक्षित गर्दीतही इतके चालणे पेलत नाही.

व्यापाऱ्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्या दिवशी सारा गाव एकाच मालाला तुटून पडतो त्या दिवशी भाव चढा असतो आणि माल हाती लागेलच याची खात्री नसते. सिंहस्थाच्या मुख्य दिवशी हा भाव पैशात मोजला जात नाही, इतकाच फरक.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. घरातील ज्येष्ठ माणूस म्हणते, ‘पर्वाच्या दिवशीच स्नान घडले नाही, तर एवढ्या लांब जायचे कशाला? पुढच्या सिंहस्थाला मी थोडीच असणार आहे?’ या प्रश्नात बारा वर्षांची वाट पाहणे आहे. त्याला गर्दीचे आकडे हे उत्तर होत नाही. उत्तर परंपरेतच शोधले पाहिजे, आणि ते तेथे आहे. सिंहस्थ म्हणजे गुरूचे सिंह राशीतील वास्तव्य. पुण्यकाळ त्या साऱ्या वास्तव्याचा आहे. अमृतस्नानाच्या तिथी मुख्यत्वे आखाड्यांच्या मानाच्या स्नानासाठी ठरतात. त्या मानावरून पेशवाईच्या काळात शैव आणि वैष्णव साधूंमध्ये तंटे झाले आणि तेव्हापासून शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला व वैष्णव आखाडे नाशिकला स्नान करू लागले. या दिवशी पहाटेपासून घाट आखाड्यांसाठी राखलेले असतात. सामान्य भाविकाची पाळी नंतर येते. त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त तर चारी बाजूंनी दगडी बांधणीचे लहानसे कुंड आहे. गौतम ऋषींनी कुश अंथरून गोदेला जेथे अडवले ते हेच स्थान, अशी कथा आहे. त्या लहान कुंडावर लाखोंच्या मागे उभे राहून घाईने बाहेर लोटले जाण्यापेक्षा, साध्या दिवशी पायरीवर बसून ओंजळभर पाणी शांतपणे घेतले, तर म्हाताऱ्या माणसाच्या मनाला कोणते स्नान अधिक पोचेल?

म्हणून पर्वाचा दिवस आणि यात्रेचा दिवस हे दोन वेगळे ठेवावेत. २ ऑगस्टच्या सोमवतीला पहाटे घरच्या नदीवर, पैनगंगेवर जावे. पावसाळ्यात पात्राला जोर असतो. तेव्हा पाण्यात न उतरता तांब्याने पाणी घेऊन काठावरच स्नान करावे. तिथी साधली जाते. नाशिकची यात्रा त्यानंतर, सवडीच्या दिवशी करावी.

सवडीचा दिवस कोणता

पहिला पर्याय ऑगस्टचा मध्य. सोयाबीन अजून शेतात उभे असते, बाजारातील नव्या मालाची आवक सुरू झालेली नसते, म्हणून धान्याच्या व्यापाराला हे दिवस तुलनेने मंदीचे असतात. मात्र श्रावणात त्र्यंबकेश्वरला सोमवारी गर्दी होते आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी मोठी रीघ लागते. तेव्हा सोमवार, शनिवार आणि रविवार वगळून मंगळवार ते शुक्रवार हे चार दिवस धरावेत. २०२७ साली १० ते १३ ऑगस्ट हे चार दिवस पहिल्या स्नानानंतर आठवडाभराने येतात आणि पोळा, पर्युषण, गणेशोत्सव या साऱ्यांच्या आधी संपतात.

या पर्यायात पावसाची जोखीम आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडले की रामकुंडाचा परिसर पाण्याखाली जातो. नाशिककर गोदेचा पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवरून. पाणी मूर्तीच्या पायाशी आहे, कमरेला आहे की खांद्याला, यावर शहराची चर्चा चालते. निघण्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या ओळखीच्या माणसाला एवढे एकच विचारावे : मारुतीला पाणी कुठवर आहे? पूर असेल तर दोन-चार दिवस थांबावे. शेजाऱ्यांना घेऊन निघताना ‘आता ठरले आहे तर जाऊच’ हा हट्ट परवडत नाही.

दुसरा पर्याय नोव्हेंबर २०२७ चा. गुरू नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत सिंहेत असतो. पाऊस संपलेला, नदी शांत, रस्ते कोरडे. चातुर्मासात लांबचा प्रवास टाळणाऱ्या जैन कुटुंबांनाही कार्तिकी पौर्णिमेनंतर यात्रेची मोकळीक असते. या पौर्णिमेनंतर सुमारे दहा दिवसांचा अवकाश मिळतो. अडचण एकच : सोयाबीन आणि कापसाची आवक जोरात असल्याने दुकानातून दोन माणसे एकाच वेळी निघू शकत नाहीत. ज्या संघात वृद्ध अधिक, त्याने नोव्हेंबर धरावा. ज्या संघात कष्टकरी आणि शेतकरी अधिक, त्याने ऑगस्ट.

तिसरा पर्याय ज्यांना चार दिवस बाहेर राहता येत नाही त्यांच्यासाठी. गोदावरी नाशिकला जशी आहे तशीच पैठणलाही आहे. देऊळघाटहून छत्रपती संभाजीनगरमार्गे पैठण पहाटे निघून रात्री परतण्यासारखे आहे. तेथे गोदेचा घाट आहे, संत एकनाथांची समाधी आहे, आणि सोबतच्या जैन कुटुंबासाठी भगवान मुनिसुव्रतनाथांचे प्राचीन अतिशय क्षेत्र आहे. एका दिवसात एका गाडीतील दोन्ही श्रद्धांचे दर्शन घडते.

चार दिवसांची आखणी

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. जवळचे स्थानक मलकापूर. तेथे पोहोचण्यासाठी बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्यावरून जावे लागते. मलकापूर हे मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर असल्याने भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड करीत नाशिकरोड सुमारे तीनशे किलोमीटरवर येते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. १० ऑगस्टच्या प्रवासासाठी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिकिटे काढावी लागतील. परतीचीही तेव्हाच काढावीत, कारण पर्वकाळात जाण्यापेक्षा परतणे अवघड असते. मोटारीने जायचे तर अजिंठा, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर आणि तेथून समृद्धी महामार्गाने सिन्नरपर्यंत, ही वाट सुकर आहे. वृद्धांना रेल्वे बरी. मोटारीत सलग बसून पाय सुजतात.

पहिला दिवस केवळ प्रवासाचा ठेवावा. त्या दिवशी कोणतेही दर्शन नको. संध्याकाळी उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे. ज्यांना सूर्यास्तापूर्वी भोजन करायचे आहे त्यांचीही सोय होते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि गूळ असावा.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास रामकुंड. तेथून पंचवटीत काळाराम मंदिर जवळच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर पाहताना मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी : याच मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दुपार विश्रांतीची. संध्याकाळी जमले तर तपोवन, न जमले तर काहीच नाही.

तिसरा दिवस त्र्यंबकेश्वरचा. नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटर. आधी कुशावर्त, मग ज्योतिर्लिंगाचे दर्शन. ब्रह्मगिरीची चढण फक्त धट्ट्याकट्ट्यांसाठी. इतरांनी पायथ्याशी बसावे आणि त्यात कमीपणा मानू नये. नारायण नागबळीसारखा विधी कोणाला करायचा असेल तर त्याला स्वतंत्र तीन दिवस लागतात. तो या छोट्या यात्रेत कोंबू नये.

चौथ्या दिवशी सकाळी नाशिकजवळ म्हसरूळचे गजपंथ सिद्धक्षेत्र. सात बलभद्रांची ही निर्वाणभूमी मानली जाते. डोंगराला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. जैन सोबत्यांनी वंदना करून यावे, तोवर इतरांनी पायथ्याच्या धर्मशाळेत विसावा घ्यावा, किंवा इच्छा असल्यास बरोबर यावे. दोन दिवस एकाने दुसऱ्याच्या देवासाठी रांगेत उभे राहिल्यावर तिसऱ्या वेळी निमंत्रण द्यावे लागत नाही. दुपारनंतर परतीचा प्रवास.

घाटावर पाळावयाचे काही नियम घरीच सांगून ठेवावेत. प्रत्येकाच्या खिशात किंवा पदराला नाव, गाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाली तर भेटण्याची जागा आधीच ठरवावी, कारण गर्दीत फोन लागत नाहीत. रोजच्या औषधांचे दोन संच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. गर्दीत पडलेली चप्पल किंवा पिशवी उचलायला वाकू नये. रेटा वाढला तर दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी आणि प्रवाहाच्या उलट न जाता तिरपे बाजूला सरकावे. पाण्यात साबण, प्लास्टिक आणि निर्माल्य टाकू नये. नदीतही जीव आहेत, एवढे सांगितले की शेजाऱ्यालाही ते पटते.

खर्चाचे खाते

एकत्र यात्रेत मनात कडवटपणा येतो तो बहुधा पैशामुळे. म्हणून अंदाजपत्रक संघातील सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाला झेपेल असे करावे आणि सधन सोबत्याला अधिक सोय हवी असेल तर ती त्याने स्वतःच्या खर्चाने, गाजावाजा न करता घ्यावी. प्रवास, मुक्काम, भोजन आणि औषधपाणी असे चार रकाने पुरेत. दक्षिणा आणि दान ज्याचे त्याने करावे. ते सामाईक खात्यात आणू नये. मोबाइलवरून पैसे देणे गर्दीच्या ठिकाणी अडते, म्हणून थोडी रोकड दोघांकडे विभागून ठेवावी.

सवलतींचा विचारही आधीच करावा. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. राज्य परिवहन मंडळाच्या बसमध्ये मात्र पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे अशा योजना आहेत. ज्या संघात वृद्ध आणि स्त्रिया अधिक आहेत त्याला एसटीने जाणे बरेच स्वस्त पडते. आधार कार्ड प्रत्येकाच्या जवळ हवे.

उरतो प्रश्न दुकानाचा. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या पर्वासाठी जुन्या माणसाने चार दिवस मागितले, तर त्याचा पगार कापायचा की नाही, हे मालकाने त्याने विचारण्याआधी ठरवावे आणि स्वतःहून सांगावे. उचल दिली असेल तर ती सुगीनंतर फेडण्याची मुभा द्यावी. जो दिवाणजी पर्युषणात मालक उपाश्रयात असताना आठ दिवस एकट्याने गल्ला सांभाळतो, त्याच्या सिंहस्थात मालकाने चार दिवस स्वतः काट्यावर बसणे ही परतफेडही नव्हे, नुसता हिशेब बरोबर करणे आहे.

परतताना गोदेचे पाणी दोन बाटल्यांत भरून आणावे. एक घरच्या देवघरासाठी, एक गावात ज्यांना जाता आले नाही त्यांच्यासाठी. त्यातल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या हातावर ते पाणी घालताना तिला हेही सांगावे, की तिच्या गावच्या पैनगंगेचे पाणी शेकडो कोस वाहून याच गोदेला मिळते. मग सामाईक खात्याचा हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा, उरलेली रक्कम समान वाटावी आणि वही मिटावी.